घरातली काळी, घरातली पांढरी

वऱ्हाडात शेतजमीन म्हणजे काळी आणि वस्तीची जागा म्हणजे पांढरी. काळीत कापूस आणि तूर पिकते. पांढरीत घरं उभी राहतात, आणि पूर्वी तिथल्याच पांढऱ्या मातीने त्यांच्या भिंती सारवल्या जात. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरसारख्या गावात आज भाड्याची खोली बघायला गेलं, तर पुष्कळदा काळी घरात शिरलेली दिसते. पायाखाली कडप्पा किंवा गडद कोटा, बोळाकडे उघडणारी एकच खिडकी, आणि भिंतींवर आधीच्या भाडेकरूच्या वेळचा निळा नाहीतर हिरवा रंग. मराठी भाषा विद्यापीठ २०२४ पासून या गावात आहे. म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्र सिद्ध केलं, तिथे शिकायला-शिकवायला बाहेरगावाहून येणारा माणूस आधी खोली शोधणार आणि मग त्या खोलीत तासन्‌तास वाचणार. अंधारी खोली दिसली की तो फरशीला दोष देतो, कारण फरशी डोळ्यांत भरते आणि ती बदलणं त्याच्या हातात नसतं. माझं म्हणणं असं की फरशीचा नाद सोडावा. खोलीतला उजेड मुख्यतः भिंती आणि छत ठरवतात, आणि वऱ्हाडाच्या हवेत भिंतीचा फिकट रंग हा उकाडा न वाढवता दिवसाचा उजेड वाढवणारा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

हे मत आवडीनिवडीचं नाही, हिशेबाचं आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. फरशी १२० चौरस फूट, छत तेवढंच, आणि चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. खिडकी-दाराची जागा वेगळी काढली नाही तरी चित्र स्पष्ट आहे: एकूण ६८० पैकी जवळजवळ दोन-तृतीयांश भाग भिंतींचा, फरशीचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. प्रत्येक पृष्ठभाग पडलेल्या उजेडाचा काही भाग परत फेकतो. नवा पांढरा रंग ऐंशी टक्क्यांच्या आसपास, मध्यम निळा किंवा हिरवा पन्नासच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि काळपट फरशी जेमतेम पंधरा टक्के. खिडकीतून आलेला उजेड खोलीत एकदाच आपटून संपत नाही, तो भिंतीवरून भिंतीवर फिरतो. म्हणून खोलीतल्या सरासरी उजेडाच्या प्रचलित सूत्रात सर्व पृष्ठभागांच्या सरासरी परावर्तनाचा वर्ग येतो. छत ऐंशी आणि फरशी पंधरा टक्क्यांवर तशीच ठेवून फक्त भिंती पन्नासवरून पंचाहत्तरवर नेल्या, तर या सूत्राप्रमाणे खोलीतला उजेड सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. आता फिकट भिंतींच्या त्याच खोलीतली काळी फरशी उखडून चाळीस टक्क्यांची फिकट फरशी बसवली असं धरा. वाढ होते अकरा-बारा टक्के. घरमालकाने भरपूर खर्च करून जे मिळवलं असतं, त्याच्या जवळजवळ तिप्पट काम रंगाचा डबा करतो.

तरीही फरशी निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. आकाशाचा उजेड खिडकीतून उतरताना खाली येतो आणि खिडकीजवळच्या फरशीवर सगळ्यांत आधी पडतो. छताला आकाश थेट दिसत नाही. त्याला मिळतो तो बाहेरच्या जमिनीवरून आणि आतल्या फरशीवरून वर उसळलेला उजेड. फरशी काळी असली की छताचा हा रतीब तुटतो. म्हणून अशा खोलीत छताला कुठलीही छटा देऊ नये, ते शुद्ध पांढरं हवं. खिडकीजवळ फिकट रंगाची चटई किंवा सतरंजी अंथरावी. चार बाय सहाची सतरंजी म्हणजे फरशीचा पाचवा हिस्सा झाकला गेला, तोही नेमका जिथे उजेड पडतो तिथला. याहून मोलाची जागा लोकांच्या लक्षातच येत नाही. जुन्या घराची भिंत जाड असते, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला त्या जाडीचा जो पट्टा दिसतो तो बहुतेक ठिकाणी चौकटीच्याच तपकिरी ऑइलपेंटने रंगवलेला असतो. खोलीत येणाऱ्या उजेडाचा बराच भाग या पट्ट्याला घासून येतो. तो पांढरा करायला पाव लिटर रंग पुरतो, आणि इतक्या कमी रंगात इतका फरक खोलीतल्या दुसऱ्या कुठल्याही जागेने पडत नाही. बोळाकडच्या खिडकीला समोरच्या घराची भिंत हेच आकाश असतं. ती भिंतही आपल्याच घरमालकाची असेल तर तिला चुना मारून देण्याची विनंती जरूर करावी. त्याचंही घर उन्हाळ्यात थोडं कमी तापेल.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वऱ्हाडी माणसाचा असल्यामुळे मी तो गंभीरपणे घेते. अंधार म्हणजे गारवा. पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या मुलखात जुन्या लोकांनी जाड भिंती आणि लहान खिडक्या उगाच ठेवल्या नाहीत. मग मुद्दाम राखलेला अंधार घालवायचा कशाला? आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. रिद्धपूर एकवीस अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे, मे महिन्याच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि खिडकी मोठी केली तर उजेडासोबत झळही आत येते. पण म्हणूनच रंगाची बाजू बळकट होते. खिडकीतून जेवढी ऊर्जा आत आली ती आली. भिंत गडद असली तर ती ऊर्जा पहिल्याच फटक्यात शोषली जाऊन उष्णता होते, फिकट असली तर काही वेळा इकडून तिकडे फिरून शेवटी उष्णताच होते, शिवाय थोडी खिडकीतून परतही जाते. फिकट भिंतीने खोली जास्त तापत नाही. तोच उजेड शोषला जाण्याआधी फिकट भिंत त्याच्याकडून जास्त काम करून घेते. लक्स या उजेडाच्या एककात मोजलं तर बाहेरच्या उन्हात उजेड लाखभर लक्सपर्यंत जातो, अंधाऱ्या खोलीत पन्नास-शंभरही नसतो. अंगणातून आत आलेल्या डोळ्यांना म्हणूनच काही क्षण काही दिसत नाही. वाचायला साधारण तीनशे लक्स लागतात. भिंतीच्या रंगाने ही सगळी दरी भरून निघणार नाही, पण टेबल खिडकीपासून चार फुटांऐवजी सहा फुटांवर ठेवता येणं, भर दुपारी ट्यूबलाइट न लावता पान दिसणं, एवढं नक्की मिळतं. आणि ट्यूब लावलीच, तर तिचाही उजेड याच भिंतींवरून फिरतो. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ मध्ये सावलीच्या सौंदर्याची बाजू मांडली होती. त्यांच्यापुढची घरं कागदी सरकत्या दारांची, पडव्यांची होती. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास करणाऱ्याला ती चैन परवडत नाही.

मग सरळ पांढराच द्यावा का? छताला हो; भिंतींना नको. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीतून जो उजेड येतो तो आकाशाचा, म्हणजे निळसर असतो. त्या उजेडात झगझगीत पांढरा राखाडी, आजारी दिसतो, आणि काळ्या फरशीशेजारी तो जास्तच फटफटीत वाटतो. चुन्यात नीळ घालण्याची आपली जुनी रीत चुन्याचा पिवळेपणा झाकण्यासाठी आहे. उन्हातल्या बाहेरच्या भिंतीला ती शोभते, अंधाऱ्या खोलीत ती थंडपणा वाढवते. इथे किंचित पिवळी झाक हवी: मोतिया, सायीचा रंग, फार तर अगदी पातळ बदामी. पिवळ्या कुळातले फिकट रंग उजेड फारसा न गमावता ऊब देतात. तेवढ्याच ठळकपणाचा आकाशी किंवा पिस्ता बराच जास्त उजेड गिळतो. काही कंपन्या शेडसोबत परावर्तनाचा आकडा देतात. तो सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान आहे ना, हे आधी पाहावं आणि रंगाचं नाव नंतर. शेडकार्डावरच्या बोटभर तुकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण चार भिंतींत फिरणारा उजेड प्रत्येक टप्प्याला तोच रंग पुन्हा उचलतो आणि खोलीत शेड कार्डापेक्षा गडद भासते. आवडलेल्या शेडहून एक पायरी फिकट घ्यावी. एकच भिंत गडद करण्याची हल्लीची फॅशन मात्र या खोलीत नको. खिडकीची भिंत गडद केली तर खिडकी डोळ्यांना टोचते, समोरची केली तर सगळ्यांत जास्त उजेड झेलणारी भिंतच निकामी होते. रंगाची हौस पडदे, चादरी भागवतील.

फिकट भिंत मळते, ही तक्रार खरी आहे. तिच्यावरचा रूढ इलाज म्हणजे शाळा-कचेऱ्यांत दिसतो तसा खालचा चार फूट गडद ऑइलपेंटचा पट्टा. त्याची किंमत मोजून पाहा. दहा फूट भिंतीतले चार फूट पंधरा टक्क्यांवर आणि वरचे सहा पंचाहत्तरवर, म्हणजे सरासरी एक्कावन्न. फिकट रंगाने जे कमावलं ते सगळं पट्ट्याने खाल्लं. पट्टा हवाच असेल तर तो तीन फुटांचा, त्याच मोतिया रंगाचा, पण पुसता येणाऱ्या हलक्या चकाकीचा असावा. फार चकचकीत रंगाने उजेड वाढत नाही, बाजूने येणाऱ्या उजेडात भिंतीचे उंचवटे तेवढे उघडे पडतात.

राहतो प्रश्न अकरा महिन्यांच्या कराराचा: परक्याच्या भिंतीवर खर्च का करावा? माझ्या मते हा खर्च घरमालकाचा आहे, आणि चावी देण्याआधी रिकाम्या खोलीत तो सगळ्यांत कमी पैशांत होतो. मात्र भिंत काय मागते ते पाहून रंग निवडावा. जुनी चुन्याची भिंत असेल तर चुनाच द्यावा. तिच्यावर न खरवडता इमल्शन लावलं तर पोपडे धरतात, आणि विटा-मातीच्या ओलसर भिंतीत ओल कोंडते. आधी इमल्शन असेल तर त्यावर चुना टिकत नाही. घरमालक काहीच करायला तयार नसेल तर भाडेकरूने त्याची परवानगी घेऊन निदान छत आणि खिडकीच्या जाडीचा पट्टा तरी करून घ्यावा. दहा बाय बाराच्या खोलीत रंगाऱ्याचं ते एका दिवसाचं काम आहे. आणि रिद्धपुरात ज्यांच्या खोल्या यंदा दिवाळीनंतर भाड्याने जायच्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे की शेडकार्ड मागवण्याआधी भर दुपारी दिवा बंद ठेवून त्या खोलीत वर्तमानपत्राचं एक पान वाचून पाहावं.