बिलाच्या क्रमांकाची कसोटी

व्यापारी सॉफ्टवेअरसाठी डेटाबेस निवडायची वेळ आली की बोलणं वेगाकडे आणि परवान्याच्या खर्चाकडे वळतं. क्लाउडचं दरपत्रक पाहून निर्णय घेणारे तर आता जास्तच झाले आहेत, आणि लॉक कुठे पडतो हे त्यांतले फार थोडे विचारतात. माझ्या मते निवड ठरावी ती एका कंटाळवाण्या कामावर: बिलाला सलग क्रमांक देणं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे हा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत हवा. जीएसटीआर-१ च्या १३व्या तक्त्यात सिरीज कुठून कुठवर गेली आणि त्यातली किती बिलं रद्द झाली तेही भरावं लागतं. रद्द बिल दाखवता येतं, पण जे बिल कधी झालंच नाही ते दाखवणार कसं?

आपोआप क्रमांक देण्याची सोय प्रत्येक डेटाबेसमध्ये आहे, पण सलगतेची हमी कुणीच देत नाही. पोस्टग्रेसचा सिक्वेन्स रोलबॅक झाल्यावर क्रमांक परत घेत नाही. ऑरॅकल मूळ सेटिंगमध्ये २० क्रमांक आधीच काढून ठेवतो. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून सर्व्हर अचानक बंद पडला तर आयडेंटिटी एकदम हजाराने पुढे जाऊ शकते. मायएसक्यूएलमध्ये ८.० च्या आधी उलटा धोका होता: इनोडीबीचा काउंटर मेमरीत राहायचा, त्यामुळे शेवटची नोंद पुसून सर्व्हर पुन्हा सुरू केला की तोच क्रमांक दुसऱ्यांदा निघायचा. पहिल्या तिघांना मी दोष देत नाही. क्रमांकासाठी कुणी कुणाची वाट पाहू नये, म्हणून ती सोय तशी बांधलेली आहे.

सलगता हवी असेल तर वाट पाहावीच लागते. सिरीजचा आकडा वेगळ्या टेबलात ठेवायचा, बिलाच्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये वाढवायचा, आणि कमिट होईपर्यंत बाकीच्यांना थांबवायचं. प्लॅटफॉर्मचा स्वभाव इथे कळतो. स्वतःच्या मशीनवर बसवलेल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ सेटिंगला वाचणाराही लिहिणाऱ्यासाठी खोळंबतो. जुनी प्रत वाचू देणारी सोय २००५ पासून आहे, पण ती आपण चालू करावी लागते. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा थांबत नाही, मात्र त्या एका ओळीच्या प्रत्येक बदलामागे जुनी प्रत उरते, आणि कुणाचा लांबलचक अहवाल चालू असेल तर व्हॅक्यूमला ती काढता येत नाही. मायएसक्यूएलमध्ये आकडा साध्या सिलेक्टने वाचला तर जुना मिळू शकतो. तिथे ‘फॉर अपडेट’ लिहावंच लागतं.

यावर म्हणतात, ओआरएम वापरला की खाली कोणता डेटाबेस आहे याने फरक पडत नाही. ओआरएम भाषेतला फरक झाकतो. कोण कुणासाठी थांबणार हे त्याला बदलता येत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: नियमात अनेक सिरीजना मुभा आहे, मग प्रत्येक काउंटरला वेगळी सिरीज द्यावी. जरूर द्यावी, रांग त्याने तुटते. पण बिल अर्ध्यात फसलं तर पडणारी फट त्या छोट्या सिरीजमध्येही पडतेच.

तुटलेली सिरीज मागाहून डेटाबेसमध्ये हात घालून जुळवणं हा या धंद्यातला जुना उपाय. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी बदलांची नोंद सक्तीची झाली आणि त्या उपायाला कायद्याचा आधार उरला नाही. मला ते योग्य वाटतं. अखंड सिरीजचा मला वाटणारा अभिमान गरजेपेक्षा मोठा आहे, हेही खरं. ग्राहकाला ती कारागिरी दिसत नाही, आणि तरी ती सोडवत नाही. म्हणून प्लॅटफॉर्म निवडणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: वेगाचे तक्ते पाहण्याआधी दोन काउंटरवरून एकाच सिरीजमध्ये बिलं करा, मध्येच सर्व्हरची वीज काढा, आणि पुन्हा सुरू झाल्यावर पुढचा क्रमांक कोणता येतो ते तपासा.