सेक्टर, पेठ आणि फैल

माणसाला त्याचा पत्ता विचारला असता तो जे उत्तर देतो, त्यात त्याच्या गावाचा अर्धाअधिक इतिहास सामावलेला असतो. आमच्या अकोल्यात याचा प्रत्यय पदोपदी येतो. कोणी ताजनापेठ सांगतो, कोणी जठारपेठ, कोणी रामदासपेठ. कोणी डाबकी रोड, कोणी खदान, तर कोणी अकोट फैल. ‘फैल’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या माणसास समजावून सांगावा लागतो. वऱ्हाडातल्या माणसास तो ऐकताच अमुक प्रकारची वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते. मोर्णेच्या काठी असदगडाच्या आश्रयाने जुने शहर वसले. १८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला, कापसाचा व्यापार वाढला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि शहर नदी ओलांडून स्टेशनाच्या दिशेने पसरत गेले. साहेबांनी आपल्यासाठी सिव्हिल लाईन्स वेगळी राखली. पुढे शेते मोडून ‘ले-आऊट’ पडू लागले आणि मूळ मालकाचे आडनाव त्या ले-आऊटला चिकटून राहिले. या साऱ्याचा आराखडा कोणी एका बैठकीत आखलेला नव्हता. शहर जसे वाढले, तशी नावे पडत गेली.

गेली काही वर्षे आमचे जाणे-येणे याच्या अगदी उलट रीतीने वसलेल्या शहरात होत आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नवी मुंबईत खारघर येथे स्थायिक झाले आहेत. ‘बाबा, आता तुम्ही दोघांनी इकडेच यावे, अकोल्याचे घर विकून टाकावे,’ असा त्यांचा आणि सूनबाईंचा आग्रह आहे. आग्रहामागे प्रेम आहे, आणि आमच्या वयाचा हिशेबही आहे. त्यामुळे त्या शहराकडे आम्ही पाहुण्याच्या नजरेने पाहिले नाही. जेथे कदाचित शेवटचे दिवस काढावे लागतील, ती वस्ती कशी आहे, ती माणसाला आपलेसे करते की नाही, हे आम्हांस पाहावयाचे होते.

नवी मुंबईची कल्पना मुळात राजधानीच्या विचारातून जन्मली, हे आज पुष्कळांच्या स्मरणात नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे नवे शहर उभारण्याची योजना मांडली. मुंबई दक्षिणोत्तर ताणली जात आहे, तिचा भार हलका करावयाचा तर राज्यशासनाने स्वतः आपली कार्यालये पलीकडे न्यावीत, म्हणजे त्यांच्यामागून माणसे आणि धंदे आपोआप जातील, असा त्यांचा आग्रह होता. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. एकूण ९५ गावांचे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र योजनेत आले. ठाणे खाडीवर पूल झाला, घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याकडे आले, १९९२ साली वाशीपर्यंत लोकल धावू लागली. बेलापुरास कोकण भवन उभे राहिले. परंतु मंत्रालय मात्र जागचे हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून आणखी इमारती उठल्या. राजधानी म्हणून कल्पिलेले शहर राजधानीविनाच मोठे झाले.

ज्यांना खरीखुरी नियोजित राजधानी पाहावयाची असेल त्यांनी चंदीगडला जावे. ल कॉर्ब्युझिए यांनी तेथे सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असे सेक्टर आखले. प्रत्येक सेक्टरात शाळा, बाजार, हिरवळ, सारे पायी चालण्याच्या अंतरावर. शहराला एकच क्रमवारी आहे, आणि मूळ आराखड्यात तेरा हा आकडा अशुभ मानून गाळलेला होता. तेथे सेक्टरचा आकडा सांगितला की पत्ता बहुतांशी पूर्ण होतो. नवी मुंबईत तसे होत नाही, आणि हीच गोष्ट आम्हांस प्रथम लक्षात आली. येथे प्रत्येक उपनगराची, ज्याला तेथे नोड म्हणतात, क्रमवारी पुन्हा एकपासून सुरू होते. सेक्टर दहा वाशीत आहे, नेरूळला आहे, ऐरोलीत आहे, खारघरलाही आहे. नुसते ‘सेक्टर दहा’ म्हणून रिक्षावाल्याला काहीच कळत नाही. आकड्यापुढे गावाचे नाव लावावेच लागते. आणि ही नावे कोणाची? वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, घणसोली, कळंबोली, कामोठे ही सारी आगरी-कोळी बांधवांच्या जुन्या गावांची नावे. ज्यांची भातशेती आणि मिठागरे घेऊन नकाशा आखला गेला, त्यांच्याच गावाच्या नावाचा आधार घेतल्यावाचून नकाशातील आकड्यास अर्थ येत नाही.

त्या गावांनी हे सुखासुखी दिले नाही. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी प्राणास मुकले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. आजही खारघरमध्ये फिरताना रुंद रस्ता एकाएकी संपतो आणि कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे अशा एखाद्या गावाची अरुंद गल्ली सुरू होते. तेथे ओटे आहेत, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आहेत, आणि अनोळखी माणूस दिसला की ‘कोणाकडे आलात?’ असे विचारणारा आवाजही आहे. सेक्टरात आम्हांस असे कोणी विचारले नाही. तेथे रखवालदार फक्त वहीत सही घेतो.

असे असले तरी सारे सेक्टर सारखेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आराखड्याने रस्ते दिले. वस्तीला स्वभाव दिला तो तेथे आलेल्या माणसांनी. कोपरखैरणे-घणसोलीकडे माथाडी कामगारांची घरे झाली. त्यांतील पुष्कळजण साताऱ्याकडचे, म्हणून तेथील बोलण्यात अजून घाटावरचा ठसका आहे. कळंबोलीला लोखंडाचा बाजार गेला, तर त्या बाजूस ट्रक आणि ढाब्यांची वर्दळ आली. बेलापुरात कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात बांधलेले आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. तेथे साधारण सात घरे एका लहान अंगणाभोवती बसविलेली, कोणाचीही भिंत दुसऱ्याशी सामाईक नाही, आणि भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर एवढ्याच फरकाचे. श्रीमंत-गरीब यांच्यात फार अंतर पडू नये आणि प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे पुढे घर वाढविता यावे, हा त्यामागील हेतू. आज पुष्कळ घरे मूळ रूप टाकून मोठी झाली आहेत. तरीही एका अंगणात समोरासमोरच्या दोन दारांतून दोन गृहिणी बोलत उभ्या असलेल्या पाहिल्या, तेव्हा तो हेतू अगदीच वाया गेला नाही असे वाटले.

येथे कोणी म्हणेल, की मग आपली पेठ आणि आपला फैलच बरा. नावात ओलावा असतो, आकड्यात काय आहे? हे आम्हांस मान्य नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी, लग्न झाल्यावर, आम्ही उभयता अकोल्यात भाड्याची जागा शोधीत होतो. एका चांगल्या वस्तीतील घर पसंत पडले. भाडे ठरले, नळाची वेळही विचारून झाली. मग घरमालकीणबाईंनी आडनाव विचारले. गळ्यातील क्रूस त्यांच्या दृष्टीस पडलाच होता. ‘तुम्ही माणसे चांगली आहात हो, पण आमच्याकडे सोवळे असते,’ असे त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तिरस्कार नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. पुढे एका फैलात, रेल्वेत नोकरीस असलेल्या एका दिवंगत गृहस्थाच्या पत्नीने आम्हांस दोन खोल्या दिल्या. तिने एवढेच विचारले, की भाडे महिन्याच्या कितव्या तारखेला द्याल. आमचा संसार त्या दोन खोल्यांत उभा राहिला.

नावाच्या वस्तीत कोण कुठला, कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असते. त्यातूनच मायेचा हात पुढे येतो, आणि त्यातूनच दारही बंद होते. आकड्याच्या वस्तीत पत्त्यावरून माणसाची जात कळत नाही, धर्म कळत नाही. आमच्या नातवाला शाळेत त्याचा सेक्टर विचारतात, आणि उत्तर ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. हे स्वातंत्र्य थोडे नाही. अर्थात सोसायटीची सभा भरते, भाडेकरू कोणते ठेवावेत याची चर्चा होते, तेव्हा जुना प्रश्न नव्या शब्दांत परत येतो, हेही आम्ही कानांनी ऐकले आहे. रस्ते सरळ आखता येतात, पण माणसाचे मन मोजपट्टीने सरळ होत नाही.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात संत योहानास जे नवे यरुशलेम दिसले, तेही एका अर्थी आखलेले शहरच होते. ते चौकोनी होते, त्याची लांबी-रुंदी सारखी होती, आणि देवदूत सोन्याच्या काठीने त्याचे माप घेत होता. परंतु त्या बारा वेशींवर आकडे घातलेले नव्हते. इस्राएलच्या बारा वंशांची नावे होती, आणि तटाच्या बारा पायांवर बारा प्रेषितांची. आणखी एक खूण तेथे सांगितली आहे: त्या वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि रात्र तर तेथे नाहीच. नाव असावे, पण दारही उघडे असावे. आमच्या पेठांनी यातील पहिली गोष्ट राखली. सेक्टरांनी दुसरीचा प्रयत्न केला.

आता आमच्या घरापुरते. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर जातो आणि कुलरचे पाणी भरताना आता कंबर साथ देत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचे आमच्याआधी सूनबाईंच्या ध्यानात येते. दुसरीकडे, येथे आठ दिवस आम्ही रविवारच्या मिस्सेला दिसलो नाही तर चौकशीला चार माणसे येतात. तेथे मराठी मिस्सेची वेळ आधी विचारून ठेवावी लागते. दोन्ही पारडी जड आहेत. पुष्कळ विचारान्ती आम्ही ठरविले आहे, की पावसाळ्यानंतर खारघरला जावयाचे, तेथील सेक्टरात आधी चार दारे ओळखीची करावयाची, आणि अकोल्याचे घर तूर्त विकावयाचे नाही.

घर रिकामे राहिले तर वाळवी लागते, म्हणून ते भाड्याने देणार आहोत. कृषी विद्यापीठात शिकणारी मुले आणि नव्या बदलीवर आलेले संसारी नोकरदार या भागात जागा शोधीतच असतात. भाडे काय घ्यावयाचे, यावर चिरंजीवांचे आणि आमचे अजून एकमत झालेले नाही. पण एका गोष्टीवर घरात सर्वांचे एकमत आहे. येणाऱ्याला आडनाव विचारावयाचे नाही. महिन्याच्या कितव्या तारखेला भाडे द्याल, एवढेच विचारावयाचे.