आधी कोणतं लॉक

सोमवार, ३ जून २०२४

ग्राहकाकडून दुपारी निरोप आला. मशीन चालू आहे, पण डिस्क काढण्याची आज्ञा देऊन तास झाला तरी ती परतलेली नाही. लॉग मागवला. त्यात कर्नलची नेहमीची तक्रार होती: अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकला आहे. टास्कची अवस्था ‘डी’. या अवस्थेत गेलेली प्रोसेस किल नाइननेही मरत नाही. ज्याची वाट बघत झोपली आहे ते मिळेपर्यंत ती उठतच नाही.

फोनवरून त्यांना सिसआरक्यू-डब्ल्यू करायला सांगितलं. त्याने अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक छापले. अडकलेले दोघेच होते, डिस्क काढणारा टास्क आणि एक केवर्कर. त्यांना मशीन रीबूट करावं लागलं. दवाखान्याचं मशीन आहे म्हणे. जेवताना तेच डोक्यात होतं.

मंगळवार, ४ जून

ऑफिसात सगळे मतमोजणी बघत होते. मी कागदावर बाण काढत बसले.

अर्धा दिवस चुकीच्या दिशेने गेला. डेडलॉक म्हटलं की आपण दोन लॉक शोधतो. एकाने अ धरून ब मागितलं, दुसऱ्याने ब धरून अ मागितलं. इथे लॉक एकच आहे, डिस्कच्या यादीचं म्यूटेक्स. काढणारा टास्क ते म्यूटेक्स धरतो आणि धरूनच कॅन्सल-वर्क-सिंक करतो, म्हणजे त्या डिस्कचं पार्श्वभूमीला चाललेलं काम संपायची वाट बघतो. आणि ते काम सुरू होताच पहिल्यांदा काय मागतं? यादीचं म्यूटेक्स. वर्तुळाच्या एका बाजूला लॉक आहे, दुसऱ्या बाजूला नुसतं थांबणं.

हा कोड मी २०२१ मध्ये लिहिला आहे. तेव्हा लॉक मोजले होते, थांबे मोजले नव्हते.

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये डेडलॉकच्या चार अटी मांडल्या: वस्तू एका वेळी एकाचीच, एक धरून दुसरीसाठी थांबणं, धरलेली हिसकावून न घेता येणं, आणि थांबणाऱ्यांचं वर्तुळ. कर्नलमध्ये पहिल्या तीन अटी मोडणं फार क्वचित जमतं. म्यूटेक्स हिसकावून घेतलं तर अर्धवट बदललेली यादी दुसऱ्याच्या हाती पडेल. म्हणून सगळा भर चौथीवर. वर्तुळ होऊच द्यायचं नाही, आणि त्यासाठी कोणतं लॉक आधी आणि कोणतं नंतर हे कोड लिहिण्यापूर्वी ठरवायचं.

बुधवार, ५ जून

लॉकडेप चालू करून कर्नल बांधला. डिस्कचं पार्श्वभूमीचं काम एकदा होऊ दिलं, मग ती डिस्क काढली. मशीन अडकलं नाही, सगळं सुरळीत झालं, आणि तरीही लॉगमध्ये इशारा आला: वर्तुळाकार अवलंबनाची शक्यता.

इंगो मोलनार आणि आर्यन व्हान द व्हेन यांचं हे काम २००६ मध्ये, २.६.१८ मध्ये कर्नलात आलं. मला ते आजही थक्क करतं. डेडलॉक घडायला दोन टास्क एकाच क्षणी नेमक्या जागी असावे लागतात. ते वर्षातून एकदा जुळेल, आणि नेमकं ग्राहकाकडे जुळेल. लॉकडेपला ती वेळ जुळण्याची गरज नाही. प्रत्येक वाट एकेकदा चालली की पुरे, वेगवेगळ्या दिवशी चालली तरी चालतं. कोणतं लॉक धरलेलं असताना कोणतं मागितलं याची तो नोंद ठेवतो, तीही एकेका लॉकची नव्हे तर लॉकच्या वर्गाची. हजार डिस्क असल्या तरी त्यांचं लॉक एकच वर्ग. चालू असलेलं वर्क म्हणजेही धरलेलं लॉक, असंच तो मोजतो. म्हणून माझं नुसतं थांबणंही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

आमच्या चाचणीच्या मशीनवर तो बंद होता. वेग कमी होतो म्हणून. ते आज बदलून घेतलं, वाद घालून.

शुक्रवार, ७ जून

नव्या मुलाने विचारलं, “मॅडम, दोन्ही लॉक एकाच वर्गाची असतील तर क्रम कसा लावायचा?” प्रश्न चांगला होता. त्याला रीनेम दाखवलं.

दोन साध्या फाइलींचे आयनोड लॉक करायचे असतील तर मेमरीतला पत्ता बघायचा आणि लहान पत्ता आधी घ्यायचा. पत्त्याला अर्थ काही नसतो, पण सगळ्यांना तो सारखाच दिसतो. डिरेक्टरींचं तसं नाही. आरएमडीर आधी वरची डिरेक्टरी लॉक करतो, मग आतली. म्हणजे सगळे वरून खाली येतात, तेव्हा रीनेमनेही पूर्वज आधी, वंशज नंतर असंच घ्यायला हवं. घाटात उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, तसा हा नियम. मुलगा म्हणाला, “पण मॅडम, घाटाचा चढ हलत नाही. इथे आपण पूर्वज कोण ते बघेपर्यंत दुसरं रीनेम झाड बदलून टाकेल.” अगदी बरोबर. म्हणूनच एका डिरेक्टरीतून दुसऱ्या डिरेक्टरीत होणारं रीनेम सर्वांत आधी अख्ख्या फाइलसिस्टिमचं एक म्यूटेक्स घेतं. तेवढा वेळ झाडाचा आकार स्थिर राहतो.

मंगळवार, ११ जून

दुरुस्तीची पहिली सूचना आली: पार्श्वभूमीच्या कामात ट्रायलॉक वापरू, मिळालं नाही तर पुन्हा येऊ. मी नको म्हटलं. क्रम लावणं खरोखर अशक्य असेल तिथे ट्रायलॉक ठीक. इथे क्रम लावता येतो आहे.

आता म्यूटेक्स धरून डिस्क फक्त यादीतून काढायची, म्यूटेक्स सोडायचं, आणि मग कामाची वाट बघायची. त्याआधी डिस्कवर ‘जाते आहे’ अशी खूण करायची, म्हणजे इंटरप्ट हँडलर तिच्यासाठी नवं काम रांगेत टाकणार नाही. मेमरी मोकळी होणार ती शेवटचा वापरणारा संदर्भ सोडेल तेव्हाच.

फाइलच्या डोक्यावर लॉकचा क्रमही लिहिला. कर्नलच्या फाइलमॅप.सी मध्ये अशी मोठी यादी सुरुवातीलाच आहे. त्या भागाला हात लावण्यापूर्वी मी ती दर वेळी वाचते.

गुरुवार, १३ जून

लॉकडेपचा दुसरा इशारा. तो पहिल्या इशाऱ्यानंतर स्वतःला बंद करतो, म्हणून हा मागे दडला होता. आकडेवारी वाचणारी वाट डिस्कचं स्पिनलॉक इंटरप्ट चालू ठेवूनच घेते, आणि तेच स्पिनलॉक इंटरप्ट हँडलरही घेतो. त्याच सीपीयूवर मध्येच इंटरप्ट आला तर हँडलर फिरत राहणार, आणि ज्याने लॉक सोडायचं तो त्याच्याच खाली थांबलेला. एक लॉक, एक सीपीयू, तरीही कोंडी. आयआरक्यूसेव्ह लावलं.

शुक्रवार, १४ जून

मुलाने माझा पॅच वाचला आणि हँडलरमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. खूण तपासणं स्पिनलॉकच्या बाहेर आहे. तपासलं तेव्हा खूण नव्हती; मग दुसऱ्या सीपीयूवर खूण झाली, कामाची वाट बघून झाली; आणि त्यानंतर हँडलरने काम रांगेत टाकलं, काढून टाकलेल्या डिस्कसाठी.

तपासणं आणि रांगेत टाकणं दोन्ही स्पिनलॉकच्या आत घेतलं. खूण करणंही त्याच लॉकखाली. फिक्सेसच्या ओळीत २०२१ च्या माझ्या कमिटची १२ अक्षरं लिहिली, त्याखाली रिव्ह्यूड-बायमध्ये मुलाचं नाव. दुसरी आवृत्ती सव्वासहाला पाठवली.