तासाच्या कॅसेटला तासच लागतो

दादाच्या लग्नापासून माझ्या मुलीच्या बारशापर्यंतचं सगळं शूटिंग हाय-८ कॅसेटांवर, आणि ज्या हँडीकॅमवर ते केलं तो केव्हाच बंद पडलेला. ते डिजिटल करून द्यायला स्टुडिओवाल्याने कॅसेटमागे सांगितलेल्या दराने डबाभर कॅसेटांचा खर्च बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीला टेकत होता. वर देणार काय, तर डीव्हीडी! तीत चित्र आधीच दाबून बसवलेलं असतं. पुढे काही कापायचं-जोडायचं तर आणखी बिघडतं.

मार्ग निघाला मावसभावाच्या माळ्यावर. तिथे सोनीचा डिजिटल-८ हँडीकॅम पडून होता. १९९९ मध्ये आलेल्या या जातीचे बरेच कॅमेरे हाय-८ कॅसेटही वाजवतात (सगळे नाही, म्हणून लावून बघूनच घ्यावा) आणि चित्र आतल्या आत डिजिटल करून फायरवायर या जोडणीतून बाहेर देतात. मग वेगळं यंत्र कशाला? लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात फायरवायर कार्ड मिळालं, ते घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बसलं. वायरीने मात्र फिरवलं: कॅमेऱ्याकडे चार पिनांचं टोक, कार्डाकडे सहा पिनांचं. चित्र संगणकावर उतरवून घेणारं विनडीव्ही हे सॉफ्टवेअर फुकट. तासाच्या शूटिंगला साधारण १३ जीबी जागा लागते, म्हणून हार्ड डिस्क तेवढी कोरी घेतली. तिथे काटकसर करू नये.

कॅसेट घालण्याआधी तिचं झाकण उचलून फीत उजेडात बघायची. पांढरे ठिपके दिसले की बुरशी. तशी कॅसेट लावली की कॅमेऱ्याच्या हेडला घाण लागते आणि पुढच्या कॅसेटांनाही प्रसाद मिळतो. मुंबईच्या पावसाळ्यांनी काही कॅसेटांची ती गत केलीच होती. त्या बाजूला काढल्या. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळल्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते.

मग नुसतं बसायचं. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई चालत नाही. आई शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि कोणती विहीण कशावरून रुसली होती ते सांगायची. तेही मी मोबाइलवर टिपून ठेवलं. बारशाच्या कॅसेटमध्ये कोणीतरी कॅमेरा चालूच ठेवून टेबलावर विसरलंय. चित्रात नुसती भिंत आणि कॅलेंडर, पण मागे आजोबा आचाऱ्याशी जिलबीच्या हिशेबावरून तावातावाने भांडताहेत. आजोबांचा एवढा सलग आवाज दुसरीकडे कुठेच नाही. स्टुडिओवाल्याने हा तुकडा फालतू म्हणून कापला असता, याची मला खात्री आहे.

मूळ फाइली दोन डिस्कवर ठेवल्या, एक माझ्याकडे, एक दादाकडे. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून लहान एमपी४ केल्या. तेव्हा डीइंटरलेस करायला हवं, नाहीतर हलत्या माणसांच्या कडांना आडव्या रेघा दिसतात.

बुरशीवाल्या कॅसेटा मात्र घरी साफ करायच्या भानगडीत पडलो नाही. त्या स्टुडिओवाल्याकडेच दिल्यात, डीव्हीडी नको, मूळ फाइल दे असं बजावून. दराची घासाघीस दादा करतोय.