किल्ला वारसांचा, नाव भाडेकरूचं

सुरुवात एका टुकार सिनेमापासून झाली. ‘ब्लड ऑफ ड्रॅक्युलाज कॅसल’, साल १९६९. एका तरुण फोटोग्राफरला वारसाहक्कानं एक किल्लेवजा वाडा मिळतो. होणाऱ्या बायकोला घेऊन तो वाडा पाहायला जातो, तर तिथे एक वयस्कर सभ्य जोडपं भाड्यानं राहतंय. हे दोघं म्हणजे आडनाव बदलून राहणारा काउंट ड्रॅक्युला आणि त्याची बायको. तळघरात साखळीनं बांधलेल्या मुली, रोज संध्याकाळी काचेच्या पेल्यातून रक्त, आणि दिमतीला बटलर. नव्या मालकाला जागा रिकामी हवी असते आणि भाडेकरू हलायला तयार नसतात.

मी घाबरायच्या तयारीनं उशी घेऊन बसले होते. शेजारी आत्या भेंडी चिरत होती. सिनेमा अर्ध्यावर आल्यावर ती म्हणाली, “अगं, हा तर पागडीचा मामला आहे!”

आत्याला हे सुचणारच. इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचा जुना वाडा आहे. आत्याचा जन्म तिथला. पणजोबांनी बांधला, आजोबांनी पुढचा गाळा एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला भाड्यानं दिला, आणि आज अख्खी गल्ली त्याला ‘घड्याळवाल्यांचा वाडा’ म्हणते. रिक्षावाल्याला आमचं आडनाव सांगितलं तर तो मान हलवतो. फोनच्या नकाशावरसुद्धा घड्याळवाल्या काकांच्या दुकानाचंच नाव येतं. आता वाडा विकायचं चाललंय, कागदांवर पाच जणांच्या सह्या हव्यात, चार झाल्या आहेत. पाचवी आत्याची. ती “बघू” म्हणते आणि विषय बदलते.

माझा चुलतभाऊ नोकरीसाठी बुखारेस्टला असतो. या मे महिन्यात मी आणि आत्या त्याच्याकडे गेलो, तेव्हा मी हट्टच धरला की ड्रॅक्युलाचा किल्ला पाहायचाच. बुखारेस्टहून आगगाडीनं ब्राशोव आणि तिथून बसनं साधारण तीस किलोमीटरवर ब्रान. बस सपाट शेतांतून जाते आणि मग एकदम दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. त्या चिंचोळ्या खिंडीच्या तोंडाशी, खडकावर, तो किल्ला उभा आहे. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, टोकदार बुरूज.

खाली बाजार. दातांचे सेट, रक्ताळलेले मग, वटवाघळांचे टी-शर्ट. त्यांच्याच शेजारी लोकरीचे जाड मोजे, झाडाच्या सालीत बांधलेलं मेंढीचं चीज, आणि लाटण्यासारख्या दांड्याला गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला, साखर लावलेला गोड पाव. आत्यानं तो पाव खाल्ला आणि तिथेच निम्मा किल्ला पास केला.

आता खरी गोष्ट. ब्रॅम स्टोकरनं ‘ड्रॅक्युला’ लिहिली १८९७ मध्ये. तो रोमानियात कधीच गेला नाही, सगळं पुस्तकांवरून जुळवलं. कादंबरीतला किल्ला आहे बोर्गो खिंडीजवळ, म्हणजे ब्रानपासून खूप वर उत्तरेला. ज्याच्यावरून नाव घेतलं तो पंधराव्या शतकातला व्लाद त्सेपेश शेजारच्या वालाकियाचा राजा होता. त्याचा बाप ‘ड्रॅगन’ नावाच्या सरदारमंडळाचा सभासद म्हणून त्याला ड्राकुल म्हणत आणि मुलगा झाला ड्रॅक्युला. शत्रूंना सुळावर चढवण्यात तो कुप्रसिद्ध होता, पण ब्रान कधीच त्याच्या मालकीचं नव्हतं. हा किल्ला बांधला ब्राशोवच्या जर्मन व्यापाऱ्यांनी. हंगेरीच्या राजानं १३७७ मध्ये तशी परवानगी दिल्याचं पत्र आहे. खिंडीवर पहारा ठेवणं आणि जकात वसूल करणं हे त्याचं काम. म्हणजे आपल्याकडचा जकात नाकाच, फक्त दिसायला देखणा.

मग ड्रॅक्युला इथे आला कसा? दिसायला शोभतो म्हणून. पर्यटकांना किल्ला हवा होता आणि हा रस्त्यालगत होता, बस.

आत गेल्यावर माझा तर विरसच झाला. कुठे अंधार नाही. बुटक्या छताच्या, पांढऱ्या रंगाच्या, उन्हाच्या छोट्या छोट्या खोल्या. काळपट लाकडाच्या तुळया, कोपऱ्यात उबेच्या शेगड्या. एक भिंतीत दडलेला अरुंद जिना आहे. तो चढताना मात्र मी थोडी खूश झाले, कारण पुढचा माणूस थांबला की मागे वळताही येत नाही. पण वर पोचल्यावर पुन्हा खिडक्या, ऊन, पियानो. हे एका बाईनं मनापासून लावलेलं घर आहे, हे लगेच कळतं.

ती बाई म्हणजे राणी मेरी. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची नात, लग्न होऊन रोमानियात आली. पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात सामील झाला आणि १९२० मध्ये ब्राशोव शहरानं हा किल्ला तिला भेट दिला. तिनं तो दुरुस्त केला, बाग केली, जुन्या विहिरीत चक्क लिफ्ट बसवली. ती १९३८ मध्ये गेली तेव्हा किल्ला धाकट्या मुलीला, इलियानाला ठेवला. राणीची इच्छा होती की तिचं हृदय वेगळं जतन करावं. ते चांदीच्या पेटीत काळ्या समुद्राकाठच्या एका प्रार्थनाघरात ठेवलं. १९४० मध्ये तो मुलूख बल्गेरियाकडे गेला, तेव्हा ती पेटी ब्रानला आणली गेली आणि किल्ल्यासमोरच्या खडकात ठेवली गेली. (कुठल्याही भुताच्या सिनेमाला हे सुचलं नसतं.) इलियानानं युद्धात जखमी सैनिकांसाठी इथे दवाखाना काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘राणीचं हृदय’.

मग कम्युनिस्ट आले. १९४८ च्या जानेवारीत इलियानाला सहा मुलांसह देश सोडावा लागला आणि किल्ला सरकारजमा झाला. मुलगा डोमिनिक तेव्हा दहा वर्षांचा होता.

आत्या इथे थांबली. ती तोपर्यंत निवांतपणे पडदे आणि शिवणकाम पाहत चालली होती. तिनं मला विचारलं, “त्या मुलाची खोली कुठली?”

मी पाट्या वाचल्या. राजाची खोली, राणीची खोली. वरच्या मजल्यावर ड्रॅक्युला, व्लाद आणि ‘स्त्रिगोय’ नावाच्या रोमानियन भुतांची माहिती, लाल उजेडात. दहा वर्षांच्या मुलाची खोली काही मला सापडली नाही. आमच्या मागे रांग खोळंबली होती. सगळ्यांना वर, लाल उजेडाकडे जायचं होतं.

किल्ला २००६ मध्ये डोमिनिक आणि त्याच्या दोन बहिणींना परत मिळाला. दहाव्या वर्षी सोडलेलं घर अडुसष्टाव्या वर्षी हातात आलं, आणि दारात उभा कोण? ड्रॅक्युला. कादंबरीत जन्मलेला, कधीच इथे न राहिलेला, पण आता त्याच्याशिवाय तिकीट विकलं जात नाही असा. सिनेमातला मालक भाडेकरूला हाकलायला बघत होता. इथल्या वारसांना ते परवडणारं नाही. एवढ्या जुन्या वास्तूची कौलं, भिंती, पगार, सगळं त्या काउंटच्या भाड्यातून निघतं. मला हसू आलं, पण आत्या हसली नाही.

“घड्याळवाल्यांनी तीस वर्षं आपला पुढचा दरवाजा रंगवलाय,” ती म्हणाली. “दर दिवाळीला. स्वतःच्या पैशानं. आपण कुणी गेलो होतो का रंगवायला?”

आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. बाबा एकदा गेले होते, तेही मोजमाप घ्यायला.

खाली बागेत बसल्यावर मी तिला इलियानाचं पुढचं वाचून दाखवलं. ती शेवटी अमेरिकेत गेली, जोगीण झाली, पेनसिल्व्हेनियात एक मठ स्थापन केला आणि १९९१ मध्ये वारली. देश सोडताना बरोबर नेलेली रोमानियाची थोडीशी माती तिच्याबरोबर पुरली. आणि स्टोकरचा ड्रॅक्युला? तोही परदेशी निघताना जन्मभूमीची माती खोक्यांत भरून नेतो, पन्नास खोकी, कारण त्या मातीशिवाय त्याला झोप लागत नाही. बाकी सगळं खोटं असलं, तरी या एका बाबतीत काउंट या घरात शोभतो.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्या अंगणात तुळशीवृंदावन आहे ना, ते विकणारा पाडणार का ठेवणार, हे कागदात लिहून घेता येतं का गं?” मला माहीत नव्हतं. भावाला फोन लावला, त्यालाही माहीत नव्हतं.

बसला वीस मिनिटं होती. आत्या परत बाजारात गेली आणि रक्ताचे ओघळ असलेला एक मग घासाघीस करून घेऊन आली. मला वाटलं माझ्यासाठी.

“घड्याळवाल्यांना,” ती म्हणाली. “सही करायला जाईन तेव्हा हात हलवत कशी जाऊ?”