कुबट

पावसाळा सरल्यावर आमच्या शाळेतले वाचनालयाचे कपाट उघडले, की आधी वासच अंगावर येतो. मराठीत त्याला कुबट म्हणतात. आम्ही उर्दूवाले 'सीलन की बू' म्हणतो. मागच्या दिवाळीनंतर ते उघडले तेव्हा आठवीतली एक मुलगी मदतीला होती. जाडजूड इंग्रजी शब्दकोश पुसताना तिने एका शब्दावर बोट ठेवले.

"टीचर, फस्ट याने पहला नंबर ना?"

मला हसू आले. 'फर्स्ट'ला आपण सगळेच फस्ट म्हणतो. पण हा फस्ट निराळा. याचा अर्थ कुबट वास, कुबट होणे. हल्ली तो वापरात नाही. 'फस्टी' हे विशेषण तेवढे उरले आहे.

घरी येऊन त्याचे मूळ शोधले. लॅटिनमध्ये 'फुस्तिस' म्हणजे सोटा. रोमन फौजेत पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाला त्याचे सोबतीच सोट्यांनी बडवत. त्या शिक्षेचे नावही याच शब्दावरून पडले. जुन्या फ्रेंचमध्ये सोट्याचे लाकूड झाले, झाडाचे खोड झाले, मग दारूचे लाकडी पिंप झाले. पिंपात राहून राहून दारूला जो वास लागे, त्याचा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. पुढे तो बंद खोल्यांना आणि जुनाट माणसांनाही लागू लागला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला तर काळजी बुद्धीची आहे: देवाने दिलेली बुद्धी न वापरता कुबट होण्यासाठी नाही, असे तो स्वतःलाच बजावतो.

हे वाचून मी अस्वस्थ झाले. काठी तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आम्हा शिक्षकांच्या हातून काढून घेतली. पण माझ्या हातात कपाटाची किल्ली होती. पुस्तक हरवले तर भरपाई पगारातून द्यावी लागेल, या भीतीने वर्षानुवर्षे मी ते कपाट फक्त झाडण्यापुरते उघडत आले. दोष पावसाला देत होते.

दुसऱ्या दिवशी तो कोश त्या मुलीला घरी नेऊ दिला. पंधरा दिवसांनी तो परत आला. पुठ्ठ्यावर हळदीचा डाग होता, एक पान दुमडलेले होते. कुबट वास बराच कमी झाला होता.

स्टॉक रजिस्टरात मी लिहिले : चांगल्या स्थितीत.