तीन, चार, पाच

हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात आला आणि भातखाचरांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. इथली पोरं त्या इमारतींबरोबरच वाढली. गुंठ्याचा भाव त्यांना तोंडपाठ असतो, बंद पडलेली बाइक ती वाटेतच खोलून चालू करतात. पण पुस्तक समोर आलं की डोळ्यांतला उजेड जातो. घरचे म्हणतात, ‘याचं अभ्यासात मनच लागत नाही.’ मला ते पटत नाही. ज्या कामात आपली चूक आपल्यालाच दिसते, तिथं त्यांचं मन हटकून लागतं. वहीतली चूक मात्र दुसऱ्याच्या लाल शाईतून कळते, तीही चार दिवसांनी.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हे फार आधी ओळखलं होतं. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, नापास झालेली मुलं तिथं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वायरिंग करत शिकू लागली. पुढं हाच अभ्यासक्रम शाळांतही गेला; आठवड्यातला एक दिवस हातांच्या कामाला मिळाला. मुलांनी गावाला लागणाऱ्या वस्तू करायच्या, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. वाकडं बसलेलं फाटक पस्तीस मार्कांवर पास होत नाही.

म्हणून माझ्या शिकवणीतला पायथागोरस मी अंगणात नेला. हात धुण्याच्या ओट्याचा पाया आखायचा होता. गवंड्यांची रीत साधी: कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार, दोन खुणांमधलं अंतर पाच भरलं की कोपरा गुण्यात. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी टेप धरून होती. पाच फूट दोन इंच. तिनं माझ्याकडं पाहिलं.

अशा वेळी गप्प राहणं फार अवघड असतं. उत्तर जिभेवर असतं, मुलाची तगमग बघवत नाही. पण एकदा बोललं की पुढच्या वेळीही ते आपल्याच तोंडाकडं बघतं. मी हात मागं बांधून उभा राहिलो. तिनं खुंटी हलवली, अंतर वाढलं. उलट बाजूला सरकवली. चार फूट अकरा. मग कुणालाही न विचारता किंचित मागं. ‘पाच!’ ती ओरडली. चारही कोपरे आखून झाल्यावर दोन्ही कर्ण सारखे भरतात का, हे ताडून पाहायचंही तिलाच सुचलं.

परवा तीच विचारत होती, ‘सर, आमच्या आजोबांच्या तुकड्याचे बांध तिरके आहेत. गुंठे कसे काढायचे?’ त्रिकोण पाड, एवढंच मी म्हटलं. आता सगळी टोळी दोरी घेऊन बांधावर जाते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे त्यांना माहीत होतंच. हेरॉनचं सूत्र त्यांनी आठवीच्या जुन्या पुस्तकातून हुडकून काढलं. सातबाऱ्यावरच्या आकड्याशी उत्तर अजून जुळलेलं नाही. कुणाची बेरीज चुकली की कुणाची दोरी सैल होती, यावर त्यांचं जोरात भांडण चालू आहे.